घर, बिऱ्हाड आणि मुक्काम

आपल्या भाषेंत मनुष्याच्या राहण्याला निरनिराळे शब्द आहेत, आणि ते वापरतांना आपली सहसा चूक होत नाहीं. एखादा प्रवासी रात्रीपुरता गांवांत उतरला, तर त्याचा तेथें मुक्काम पडला असें आपण म्हणतों. नोकरीसाठीं पुण्यास किंवा नागपुरास दोन खोल्या घेऊन राहिलेल्या गृहस्थाचें तेथें बिऱ्हाड आहे असें म्हणतों. आणि त्याच गृहस्थाला "आपलें घर कोठलें?" असें विचारलें, तर तो कदाचित् रत्नागिरीकडील अशा एखाद्या खेड्याचें नांव सांगेल, कीं जेथें तो गेल्या तीन वर्षांत फिरकलाही नसेल. ऐकणाराला यांत कांहीं विसंगति वाटत नाहीं. मुक्काम शरीराचा असतो, बिऱ्हाड संसाराचें असतें. घर कशाचें असतें हें सांगणें कठीण. परंतु तें मुक्कामाच्या दिवसांवरून किंवा बिऱ्हाडाच्या भाड्यावरून ठरत नाहीं, एवढें सर्वांस कळतें.

हा भेद बोलण्यापुरता राहिला असता, तर त्याची येथें चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच भेदावर मोठमोठ्या रकमांचे तंटे गेलीं शंभर वर्षें चालत आले आहेत. त्या देशांत मध्यवर्ती सरकारच्या प्राप्तिकराखेरीज बहुतेक राज्यें आपला स्वतंत्र प्राप्तिकर घेतात; आणि जो राज्याचा रहिवासी ठरला, त्यानें तो कर आपल्या साऱ्या उत्पन्नावर द्यावयाचा असतो, मग तें उत्पन्न जगाच्या पाठीवर कोठेंही झालेलें असो. न्यूयॉर्क राज्याचा सर्वांत वरचा दर २०२१ पासून शेंकडा १०.९ आहे, व न्यूयॉर्क शहराचा कर त्याहून निराळा. उलट फ्लॉरिडा राज्यानें १९२४ सालींच आपली घटना दुरुस्त करून व्यक्तीच्या प्राप्तीवर कर बसविण्यास मनाई केली. टेक्ससमध्येंही असा कर नाहीं. तेव्हां ज्याचें एक घर मॅनहॅटनमध्यें आणि दुसरें फ्लॉरिडाच्या समुद्रकांठीं आहे, त्याच्या दृष्टीनें "आपलें घर कोठलें?" हा प्रश्न कुशलप्रश्नापैकीं राहत नाहीं. आपल्याकडे शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर मध्यवर्ती सरकार घेतें, त्यामुळें पुण्यास वाडा आणि गोव्यास बंगला असणाराला ही पंचाईत पडत नाहीं. परंतु प्रश्नाचें जें नैतिक अंग आहे, तें देशाच्या सीमेपाशीं थांबणारें नाहीं.

न्यूयॉर्कचा कायदा मनुष्याला दोन वाटांनीं रहिवासी ठरवितो. पहिली वाट घराची. मनुष्याच्या मालकीचे बंगले कितीही असोत, कायद्याच्या मतें त्याचें कायमचें घर एका वेळीं एकच असतें. जेथें कायम राहावें असा त्याचा मानस आहे आणि कोठेंही गेला तरी जेथें परतण्याची त्याची इच्छा आहे, तें हें घर. तें एकदां जडलें म्हणजे नुसतें दुसरीकडे गेल्यानें सुटत नाहीं. जुनें सोडलें व नवें धरलें, हें ज्याचें म्हणणें असेल त्यानेंच तें स्वच्छ पुराव्यानें सिद्ध करावयाचें असतें. दुसरी वाट बिऱ्हाड आणि मुक्काम यांची मिळून झालेली आहे. तुमचें घर फ्लॉरिडास आहे हें मान्य केलें, तरी न्यूयॉर्कमध्यें तुम्ही कायमची राहती जागा राखली असेल आणि वर्षाकांठीं १८३ हून अधिक दिवस त्या राज्यांत काढले असतील, तर तुम्ही तेथील रहिवासीच. दिवसाचा कोणताही अंश हा पूर्ण दिवस धरतात. राज्यांतून केवळ वाटसरू म्हणून गेलेला किंवा रुग्णालयांत खाटेवर काढलेला वेळ मात्र सोडून देतात.

पहिल्या वाटेचें मूळ फार जुनें आहे. जेथें मनुष्यानें आपलें देवघर मांडलें आणि आपला मुख्य पसारा ठेवला, जेथून निघाला म्हणजे तो प्रवासास निघाला असें वाटतें आणि जेथें आला म्हणजे प्रवास संपला असें वाटतें, तें त्याचें वसतिस्थान, अशा आशयाचा नियम रोमन कायद्यांत सांपडतो. रत्नागिरीकडील आपल्या गृहस्थाला तो नियम वाचून दाखविला, तर तो लगेच मान डोलवील. मनुष्याचें घर त्याच्या मनावरून ओळखावें, ही कल्पना उदात्त आहे यांत शंका नाहीं. प्रश्न एवढाच, कीं मनुष्याचें मन ओळखण्याचें काम सरकारी अधिकाऱ्याकडे दिलें म्हणजे त्या उदात्तपणाचें काय होतें.

जॉन डॉरन्स हा रसायनशास्त्रज्ञ होता. आटविलेल्या सूपाची कृति शोधून काढून त्यानें कॅम्बेल कंपनीची भरभराट केली आणि तो तिचा मालक झाला. न्यू जर्सी राज्यांत सिनॅमिन्सन येथें त्याचें घर होतें. १९२५ मध्यें त्यानें शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यांत रॅडनर येथें मोठा प्रासाद घेतला व कुटुंब तेथें नेलें. तथापि माझें घर न्यू जर्सींतच आहे, असें तो सदैव सांगत व लिहीत आला. यांत कराचा विचार होता, आणि त्यासंबंधीं त्यानें वकिलांचा सल्लाही घेतला होता. जुन्या घराचा राबता त्यानें मोडला नाहीं. १९३० मध्यें तो वारला, तेव्हां त्याची मिळकत अकरा कोटी डॉलरांहून अधिक भरली. १९३२ मध्यें पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं मनुष्य बायकोमुलांसह जेथें नांदतो तेंच त्याचें घर, तोंडानें तो कांहींही म्हणो. पुढें न्यू जर्सीच्या न्यायालयांनीं निर्णय दिला, कीं त्यानें आपलें जुनें घर सोडण्याचा विचार कधींच केला नव्हता, सबब तें कायम होतें. दोन्ही राज्यांनीं प्रत्येकीं एक कोटी डॉलरांहून अधिक वारसाकर वसूल केला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें मध्यें पडण्याचें नाकारलें. मनुष्याचें घर एकच असतें या एकाच सिद्धांतावरून दोन न्यायपीठांनीं त्याचीं दोन घरें सिद्ध केलीं. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें हें लाजिरवाणें खरें, पण वारसांखेरीज कोणाला तें फारसें लागलेलें दिसत नाहीं.

याहून विलक्षण प्रकरण एडवर्ड ग्रीन याचें. त्याची आई हेटी ग्रीन ही आपल्या काळीं अतिशय श्रीमंत व अतिशय कंजूष म्हणून प्रसिद्ध होती. करवसुलीचा माणूस मागें लागूं नये म्हणून ती सारखी बिऱ्हाडें बदलीत असे, असें सांगतात. मुलाला तरुणपणीं तिनें एका रेल्वेचा कारभार पाहण्यासाठीं टेक्ससमधील टेरेल या गांवीं पाठविलें. तेथून १९११ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला परतला. पुढें मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर राउंड हिल येथें त्यानें मोठा वाडा बांधला, फ्लॉरिडांतही एक घर केलें, आणि पोस्टाचीं तिकिटें व नाणीं यांचे प्रचंड संग्रह जमविले. आपण टेक्ससचे नागरिक, हें मात्र त्यानें अखेरपर्यंत सोडलें नाहीं. १९३६ मध्यें तो वारला आणि चार राज्यें त्याच्या मृत्युलेखावर धांवून आलीं. प्रत्येकाचें म्हणणें एकच, कीं तो आमचा. चौघांच्या मागण्या व मध्यवर्ती सरकारचा कर यांची बेरीज केली, तेव्हां ती त्याच्या निव्वळ मिळकतीहून अधिक भरली. अर्थात् तो खरोखरच चौघांचाही असता, तर कोणालाच पुरा पडला नसता. ही अडचण पाहून सर्वोच्च न्यायालयानें हा दावा स्वतःकडे घेतला आणि १९३९ च्या मार्चांत तो मॅसॅच्युसेट्सचा, असा निकाल दिला. तेथील वाड्यावर त्यानें पैसा ओतला होता, वेळ घालविला होता, त्याचा जीव तेथें रमत होता. टेक्ससविषयीं जन्मभर केलेलीं विधानें न्यायालयानें बाजूस ठेवलीं.

ग्रीनच्या बाबतींत न्याय झाला असें मला वाटतें. जिभेपेक्षां पायांवर विश्वास ठेवणें हें शहाणपणाचें आहे, आणि जेथें कर नको तेथें "मी इथला नव्हे" म्हणणाराचें म्हणणें ऐकूनच घ्यावें असा कांहीं नियम नाहीं. परंतु त्या निकालाच्या मुळाशीं जी पद्धति आहे, तिच्याकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. मृताच्या बाबतींत ती निदान मुकाट्यानें चालते. जिवंत मनुष्याच्या बाबतींत ती काय करते?

न्यूयॉर्कच्या कर-अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या मार्गदर्शिकेंत पांच मुख्य कसोट्या आहेत. राहतें घर, धंद्यांतील प्रत्यक्ष सहभाग, कोठें किती वेळ घालविला तें, आणि कुटुंब, या चार सहज समजतात. राहिलेली कसोटी जिवाभावाच्या वस्तूंची. आजोबांचें चित्र कोणत्या भिंतीवर आहे, लग्नांतील छायाचित्रें कोठें ठेवलीं आहेत, पिढीजात दागिने व आवडतीं पुस्तकें कोणत्या घरांत आहेत, हें त्या कसोटीखालीं पाहतात. लहान मुलाच्या कापडी अस्वलावरून वकिलांनीं तिला थट्टेनें नांवही दिलें आहे. २०१७ च्या एका निर्णयांत डॅलस शहरीं नोकरीवर गेलेल्या एका कंपनीच्या प्रमुखाचें न्यूयॉर्कमधील घर कायम असूनही त्याचें वसतिस्थान टेक्ससला गेलें असें ठरलें, आणि त्यांत त्यानें आपलें कुत्रें डॅलसला नेलें या गोष्टीला निर्णायक महत्त्व मिळालें. निर्णय मला चुकीचा वाटत नाहीं. कुत्र्याला नेणें म्हणजे परतण्याची घाई नसणें, हें कोणताही कुत्रें पाळणारा सांगेल. धर्मराजाच्या कथेंतलें कुत्रें स्वर्गाच्या दारापर्यंतच गेलें होतें. येथें तें थेट कर-न्यायाधिकाऱ्याच्या दालनांत शिरलें.

तरीपण या साऱ्यांत कांहीं तरी अप्रशस्त आहे. माझ्या आईचें चित्र मी कोणत्या भिंतीवर लावतों, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार माझ्या मुलांना आहे, माझ्या मित्रांना आहे. सरकारनें तो विचारला, कीं त्या चित्राचें कांहीं तरी बिघडतें. आणि सरकारनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तयार ठेवणारा धंदा मागोमाग उभा राहतोच. फ्लॉरिडांत वसतिस्थानाचें प्रतिज्ञापत्र नोंदविण्याची कायद्यानें सोय आहे. तें नोंदवावें, मतदारांच्या यादींत नांव घालावें, मोटार चालविण्याचा परवाना बदलावा, दंतवैद्य बदलावा, चित्रें बांधून पाठवावीं, असे सल्ले तेथील वकील श्रीमंत अशिलांना देतात. म्हणजे मनाचा शोध घेण्यासाठीं काढलेली कसोटी मनाचा देखावा करणारांना सोयीची झाली. ज्याचें घर खरोखरीच बदललें आहे, तो बिचारा चित्रें हलविण्यास विसरतो, जुन्या वैद्याकडेच जात राहतो, आणि तपासणींत सांपडतो. ज्याचें कांहींच बदललेलें नाहीं, त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीची पावती असते. खऱ्या प्रेमाला पुराव्याची संवय नसते, आणि म्हणून पुराव्याच्या बाजारांत तें नेहमीं कमी भरतें.

मग दिवस मोजणें बरें काय? त्याची थट्टा करणें सोपें आहे. अमुक धनिक मध्यरात्रीचे बारा वाजावयाच्या आंत न्यूयॉर्कची हद्द ओलांडण्यासाठीं मोटार पिटाळीत आहे, त्याचा कारकून वर्षभराची डायरी लिहीत आहे, आणि पलीकडे कर-अधिकारी त्याच्या मोबाईलच्या, क्रेडिट कार्डाच्या व टोलनाक्यांच्या नोंदी ताडून पाहत आहे, हें चित्र प्रहसनाचेंच. पण प्रहसन म्हणजे अन्याय नव्हे. दिवस मोजणारा अधिकारी माझें अंतःकरण तपाशीत नाहीं. तो एवढेंच विचारतो, कीं तुम्ही कोठें होतां. हा प्रश्न कोरडा असेल, पण अपमानकारक नाहीं, आणि त्याचें खरें उत्तर असूं शकतें. शिवाय कर ज्यासाठीं घेतात, त्याच्याशीं या प्रश्नाचा सरळ संबंध आहे. रस्त्यावरचा दिवा, आग विझविणारा बंब, चौकांतला शिपाई यांना माझ्या मनाशीं कर्तव्य नसतें. मी तेथें असतों, एवढ्यानेंच ते माझ्या उपयोगी पडतात. आपल्याकडील कायद्यानेंही देशांत १८२ दिवस राहणाराला रहिवासी मानतांना त्याचा देव्हारा कोठें आहे हें विचारलेलें नाहीं, आणि तें योग्यच केलें आहे. राज्याशीं माझें जें देणें आहे, तें प्रेमाचें देणें नव्हे. तें सहवासाचें देणें आहे. प्रेमाचें देणें मी आपण होऊन, मला वाटेल त्या गांवाला देईन.

असें असलें तरी या दुसऱ्या वाटेवरही कांटे आहेत, आणि ते बिऱ्हाडाच्या बाजूचे आहेत. न्यू जर्सींत राहणारा एक गृहस्थ न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर मोटारदुरुस्तीचा धंदा करीत असे. धंद्यासाठीं तो रोज जा-ये करी, म्हणून १८३ दिवस सहजच भरत. त्या बेटावर त्यानें बिऱ्हाडांची एक इमारत विकत घेतली आणि तींतील एका बिऱ्हाडांत आपल्या म्हाताऱ्या आईबापांना ठेवलें. प्रकृति बरी नसली म्हणजे ते बोलावीत, आणि मग तो रात्रीं तेथें राही. त्याच्यासाठीं तेथें निराळी खोली नव्हती, तो कोचावर झोंपे. राज्यानें म्हटलें, जागा तुझ्या मालकीची, ती तूं राखतोस, दिवस तर भरलेच आहेत. तेव्हां तूं न्यूयॉर्कचा रहिवासी. तो वर्षानुवर्षें भांडला. २०१४ मध्यें राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयानें निकाल दिला, कीं नुसती जागा राखणें पुरेसें नाहीं. ती त्या मनुष्याच्या स्वतःच्या राहण्याची होती, यास कांहीं आधार पाहिजे. निकाल वाचून समाधान वाटतें. पण आईबापांच्या उशाशीं काढलेल्या रात्री हा राज्याच्या बाजूचा पुरावा होऊं शकला, ही गोष्ट विसरवत नाहीं. ज्या घरांत मुलगा पाहुणा म्हणून येतो आणि आईबाप त्याला घरचा समजतात, तें कोणाचें घर, याचें उत्तर देण्याइतका कोणताही करविषयक कायदा शहाणा असेल असें मला वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गणिती आहे. १८३ दिवस राहिलेला मनुष्य कांहीं देत नाहीं आणि १८४ दिवस राहिलेला साऱ्या वर्षाच्या, साऱ्या जगांतील उत्पन्नावर कर देतो, हा कोठला न्याय? रेषा कोठें तरी ओढावी लागते, हें खरें. मतदानाच्या वयालाही रेषा असते. पण मतदानाचा तुकडा पडत नाहीं, कराचा पडतो. जो तीन महिने येथें व नऊ महिने तेथें राहिला, त्याच्याकडून त्याच प्रमाणांत दोन्ही राज्यांनीं घेतलें, तर सहवासाचें देणें बरोबर फिटेल. हिशेब कांहीं अवघड नाहीं; वर्षाच्या मध्यावर राज्य सोडून जाणाराच्या बाबतींत हीं राज्यें असा हिशेब करतातच. मग दोन घरें असणाराच्या बाबतींत कां नाहीं? कारण उघड आहे. प्रत्येक राज्याला सबंध मनुष्य हवा असतो. न्यू जर्सींत घर आणि न्यूयॉर्कमध्यें बिऱ्हाड असलेल्या एका मनुष्याच्या व्याज-लाभांशावर दोन्ही राज्यें पूर्ण कर मागूं लागलीं, तेव्हां १९९८ मध्यें न्यूयॉर्कच्या त्याच न्यायालयानें त्यांत कांहीं घटनाबाह्य नाहीं, असें ठरविलें.

मनुष्याचें घर एकच, हा हट्ट मुळांत कोठून आला, हेंही पाहण्याजोगें आहे. आपल्या भाषेनें स्त्रीला माहेर आणि सासर अशीं दोन घरें दिलीं, आणि दोन्ही खरीं मानलीं. इंग्रज कायद्यानें तिला एकही दिलें नव्हतें. नवऱ्याचें वसतिस्थान तेंच बायकोचें, हा नियम इंग्लंडांत १९७४ च्या आरंभापर्यंत टिकून होता. वारसा कोणत्या कायद्यानें चालावा हें ठरविण्यास कायद्याला एक ठिकाण हवें असतें, हें मी समजूं शकतों. पण ती कायद्याची सोय आहे, मनुष्यस्वभावाचें वर्णन नव्हे. आणि सोयीच्या गोष्टीला सत्याचे कपडे चढवून तिच्या नांवावर दुप्पट कर घेणें शोभत नाहीं.

येथवर श्रीमंतांचीच बाजू घेतल्यासारखें झालें. ती माझी इच्छा नाहीं. राज्याचा दावा तपासून पाहण्याची एक साधी रीत आहे. "तूं आमचा आहेस" असें जें राज्य धनिकाला म्हणतें, तें निर्धनाला काय म्हणतें, हें पाहावें. ग्रीनचा निकाल लागला त्याच १९३९ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील एक गृहस्थ टेक्ससला गेला, आणि आपल्या बायकोच्या बेकार भावाला जानेवारींत मोटारींतून घेऊन आला. परराज्यांतील कंगाल मनुष्यास जाणूनबुजून राज्यांत आणणें हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें गुन्हा होता, आणि तो शाबीत होऊन त्या गृहस्थाला शिक्षा झाली. १९४१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द केला. पुढें १९६६ मध्यें एकोणीस वर्षांची एक अविवाहित मुलगी, एक मूल कडेवर आणि दुसरें पोटांत, मॅसॅच्युसेट्स सोडून कनेक्टिकटमध्यें आपल्या आईकडे राहावयास आली. कांहीं आठवड्यांनीं आईला तो भार झेपेना. मुलीनें सरकारी मदत मागितली, आणि राज्यांत येऊन वर्ष झालें नाहीं म्हणून ती नाकारण्यांत आली. हाही नियम सर्वोच्च न्यायालयानें १९६९ मध्यें घटनाविरुद्ध ठरविला. पण तोंवर किती राज्यें असे नियम बाळगून होतीं! जी मुलगी अडल्यावेळीं आईच्या दाराशीं येते, तिचें घर कोठें आहे हें सांगण्यास जिवाभावाच्या वस्तूंची यादी लागत नाहीं. लक्षाधीशाच्या कपाटांतील छायाचित्रें शोधून काढणाऱ्या राज्यांना हें मात्र दिसलें नाहीं. देणेकरी म्हणून ज्याला आपला म्हणतां, त्याच मापानें घेणेकऱ्यालाही आपला म्हणावयास पाहिजे. दोन मापें ठेवणारा वाणी जर आपण वाईट ठरवितों, तर राज्यानेंच तीं ठेवलीं म्हणून त्यांना निराळें नांव कां द्यावें?

याचा अर्थ धनिकानें हवें तें करावें, असा मात्र नव्हे. जो खरोखर फ्लॉरिडास जाऊन राहिला, त्यानें कांहींही अपराध केलेला नाहीं, मग तो समुद्रासाठीं गेला असो कीं करासाठीं. आपल्या पैशाचा विचार करून गांव निवडणें यांत पाप नाहीं. बिऱ्हाड करणारा प्रत्येक मनुष्य तेंच करतो. अपराध होतो तो निराळ्या ठिकाणीं. नाटक-सिनेमा, दवाखाना, नातवंडें, धंदा, जुने सोबती हें सारें जेथें आहे, तेथें जन्म घालवावयाचा आणि कागदावर मात्र दुसऱ्याच गांवाला आपलें म्हणावयाचें, यांत राज्य बुडतें तें थोडें. तो मनुष्य स्वतःच्या घराविरुद्ध खोटी साक्ष देतो. त्याच्या दारावरून रोज जाणारा शिक्षक किंवा मोटार हांकणारा, ज्याला दुसरें घर परवडत नाहीं, तो त्याच्या वांट्याचें भरीत राहतो. अशा मनुष्याला दिवस मोजणारा अधिकारी भेटला, तर मला वाईट वाटत नाहीं. परंतु त्या अधिकाऱ्यानें दिवसच मोजावे, आणि चित्रें भिंतीवरच राहूं द्यावीं.

आणि कांहीं वेळां मोजावयास मनही नसतें, दिवसही नसतात. हॉवर्ड ह्यूज हा अमेरिकेंतील अतिशय धनाढ्य मनुष्यांपैकीं एक. त्याचा जन्म टेक्ससमधील; सिनेमे आणि विमानें यांचा त्याचा धंदा कॅलिफोर्नियांतला; आणि वारसाकर नसलेल्या नेव्हाडा राज्यांत लास व्हेगास येथें त्यानें कांहीं वर्षें एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर खिडक्या झांकून काढलीं. शेवटचीं वर्षें बहामा बेटें, लंडन, आकापुल्को अशीं परदेशांतील हॉटेलांतच गेलीं. ५ एप्रिल १९७६ रोजीं आकापुल्कोहून ह्यूस्टनला नेत असतां विमानांतच त्याला मृत्यु आला. त्याच्या मिळकतीचे व्यवस्थापक म्हणत होते, त्याचें घर नेव्हाडांत. टेक्सस म्हणे आमच्याकडे. कॅलिफोर्निया म्हणे आमच्याकडे. टेक्ससच्या ज्यूरीनें टेक्ससच्या बाजूनें कौल दिला, तो कॅलिफोर्नियानें मानला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें कॅलिफोर्नियाचा दावा घेण्याचें नाकारलें व १९८२ मध्यें घेतला, आणि १९८४ मध्यें तो निर्णयावांचूनच तडजोडीनें मिटला. रकमा वांटून घेण्यांत आल्या. प्रेत ह्यूस्टनच्या दफनभूमींत आईबापांशेजारीं आधींच पुरलें होतें.